तानुअक्का कोणाची?

एकोणीसशे शहाण्णव साली जळगावात चित्रं काढणारे पुष्कळ होते, पण कोणाही चित्रकाराच्या हातासारखं चित्र काढून दाखवणारा एकच होता, शालिग्राम चौधरी. मासिकातला पिळदार दंडांचा नायक असो, कॅलेंडरवरची टपोऱ्या डोळ्यांची देवी असो, नाहीतर परदेशी कॉमिक्समधला हवेत उडणारा माणूस असो. शालिग्रामने ते एकदा नीट बघितलं की जसंच्या तसं कागदावर उतरलंच म्हणून समजा. बघणारे म्हणायचे, "वा, हुबेहूब!" धुळ्याला चित्रकलेचा डिप्लोमा करताना हा शब्द त्याला पहिल्यांदा मिळाला आणि पुढची पंधरा वर्षं तो त्याच शब्दावर जगला.

नव्या पेठेतल्या एका बोळात त्याचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फलक अशी कामं चालायची. दोन वर्षांपूर्वी दुकानात कॉम्प्युटर आला. त्यावर बसायची ती त्याची बायको, सुमन. तिने तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि मराठी टायपिंगमध्ये तिचा हात धरणारं त्या बोळात कोणी नव्हतं. शालिग्रामला त्या यंत्राचा कंटाळा होता. "साबणाच्या वडीने कोणी चित्र काढतं का?" असं तो माउसकडे बघून म्हणायचा आणि आपल्या ब्रशकडे वळायचा.

त्याचं खरं काम, त्याच्या मते, वेगळंच होतं. धुळ्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मुलांचं पान असे, आणि त्या पानावर सहा वर्षं त्याची 'अश्ववीर' नावाची चित्रकथा चालू होती. साप्ताहिकाचे संपादक रुपचंद नाना, साठीचे, खादीचा सदरा घालणारे, कमी बोलणारे. दर मंगळवारी शालिग्राम चित्रांचं पाकीट धुळ्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि नानांचा माणूस ते स्टँडवर उतरवून घ्यायचा. अश्ववीराच्या घोड्याचा प्रत्येक स्नायू जागच्या जागी असे. सहा वर्षांत वाचकांची अकरा पत्रं आली होती. त्यातली चार शालिग्रामच्या पुतण्याची होती.

त्या वर्षी जुलैत शालिग्रामला कावीळ झाली. डॉक्टरांनी महिनाभर अंथरूण सोडायचं नाही असं बजावलं. सोमवारी दुकानात नानांचा फोन आला, "वहिनी, पान कोरं जाईल. काहीतरी पाठवा."

"नाना, मला चित्र काढता येत नाही."

"मग न येणारं पाठवा. कोरं पान नको."

सुमन दुकानात एकटीच होती. तिने कॉम्प्युटरवर एक गोल काढला. गोलाला दोन आखूड चौकोनी पाय जोडले. वर छोटा गोल, त्याच्या एका कानाच्या अंगाला कललेला अंबाडा. नाक म्हणजे नुसती एक वाकडी रेघ. ती रेघ माउस घसरल्यामुळे वाकडी गेली होती, पण तशीच बरी वाटली म्हणून तिने ती पुसली नाही. मग रेषेवरचे बारके ठिपके धरून ती इकडे ओढ, तिकडे ओढ करत बसली. तासाभराने पडद्यावरून तिच्याकडे एक म्हातारी बघत होती, आणि सुमनला एकदम हसू आलं. ती तिची साक्रीची मावशी होती, तानुमावशी. आठवडेबाजारात मिरच्या विकणारी, साऱ्या बाजाराशी भांडणारी.

मावशीची तानुअक्का झाली आणि चार चौकटींची गोष्ट तयार झाली. भरलेल्या एस.टी.त कंडक्टर म्हणतो, अक्का, बसायला जागा नाही. तानुअक्का आपल्या अहिराणीत म्हणते, "माले बसनं नही भाऊ, माले जानं शे." शेवटच्या चौकटीत ती कंडक्टरच्या जागेवर ऐसपैस बसलेली, कंडक्टर दारात लोंबकळतोय, आणि ती त्याला सांगतेय, "आते तू तिकिटं फाड, मी घंटी वाजाडस."

अंक आला तेव्हा शालिग्राम उशीला टेकून उसाचा रस पीत होता. त्याने पान बघितलं आणि मोकळेपणाने हसला. "अगं, हिला मान कुठंय? आणि हाताला बोटं चारच!"

"मला पाचवं जमेना," सुमन म्हणाली.

तोही हसला, तीही हसली. त्या दिवशी घरात सगळं ठीक होतं.

बिनसायला सुरुवात झाली ती पोस्टकार्डांमुळे. पहिल्या आठवड्यात सात आली. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. बोदवडच्या एका शाळेच्या चौथीच्या वर्गाने मिळून एकच मोठं पत्र लिहिलं होतं आणि खाली सगळ्यांनी आपापली तानुअक्का काढली होती. साक्रीच्या एका शिक्षकाने लिहिलं होतं, 'ही बाई आमच्या बाजारात मिरची विकते, खरं ना?' नानांनी तो सगळा गठ्ठा बसने पाठवून दिला. शालिग्रामने अंथरुणात बसून एकेक कार्ड वाचलं. मग ती सगळी मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली.

त्याहून जिव्हारी लागलं ते आईचं. बेबाबाई मूळची सावद्याची, अक्षरओळख नसलेली. सहा वर्षं मुलाची चित्रं घरात पडलेली असायची. ती त्यावर लसूण सोलायची. एका सकाळी ती सुमनला म्हणाली, "ती म्हातारी काय म्हणते गं या वेळी? वाच बरं." सुमनने वाचलं. बेबाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. शालिग्राम आतल्या खोलीतून ऐकत होता. अश्ववीराने दरीवरून घोडा उडवला तेव्हा आई हसली नव्हती, रडली नव्हती, तिने मान वर करून पाहिलंही नव्हतं.

ऑगस्ट संपता संपता तो दुकानात यायला लागला. नानांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली आणि मग नाना म्हणाले, "असं करू या, अक्काला अर्धं पान देऊ. अश्ववीर पाव पानात बसेल ना?"

"बसेल की," शालिग्राम म्हणाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ निबं पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती.

सुमनच्या वागण्यात काही फरक पडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती मिरवली असती, काही बोलली असती, तर त्याला भांडता आलं असतं. पण ती पहिल्यासारखीच पत्रिका टाइप करायची, गिऱ्हाइकांना पाणी द्यायची, आणि मंगळवारी सकाळी तासाभरात अक्का करून टाकायची. हेच त्याला सहन होत नव्हतं. एका घोड्यासाठी तो दोन दिवस घालवायचा. हिची ती मडक्यासारखी म्हातारी तासाभरात उठून चालायला लागायची.

सप्टेंबरात एक दिवस तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "कल्पना तुझी चांगली असते. पण चित्र कच्चं पडतं. मी जरा नीट करून देऊ का?"

सुमनला ते मनापासून आलेलं वाटलं. तिच्या लेखी चित्रकार तोच होता. "द्या ना," ती म्हणाली. "मला तरी कुठं येतंय?"

त्याने तीन भाग कागदावर काढले. अक्काला मान आली. गालांना सुरकुत्या, लुगड्याला खऱ्या चुण्या, हाताला पाच बोटं, नखांसकट. सुंदर चित्रं होती ती. पहिला भाग छापून आला त्या आठवड्यात चारच पोस्टकार्डं आली. पुढच्या आठवड्यात दोन. त्यातलं एक बोदवडच्या त्या वर्गातल्या मुलीचं होतं: 'तानुअक्का आजारी आहे का? ती बरी झाली की कळवा.'

सुमनने ते कार्ड वाचून त्याच्यासमोर ठेवलं. पुढच्या मंगळवारी तिने न विचारता अक्का पुन्हा स्वतः केली, आणि त्यानेही काही विचारलं नाही.

मग नानांचं पाकीट आलं. दिवाळीसाठी सोळा पानांची वेगळी पुरवणी काढायची होती, सगळी तानुअक्काची. पत्रावर नाव होतं, सौ. सुमनबाई चौधरी. अश्ववीराचा पत्रात उल्लेखच नव्हता. शालिग्रामने तो ताज्या कलमात तरी असेल म्हणून पत्र उलटून पाहिलं.

सुमन तीन आठवडे खपली. दुपारी लाईट गेली की ती हातावर हनुवटी टेकून काळ्या पडद्याकडे बघत बसायची आणि स्वतःशीच पुटपुटायची; बहुधा अक्काचं बोलणं असावं. शालिग्राम समोर बसून कोणा पाटलांच्या पत्रिकेवर गणपती काढत होता. त्याला वाटायचं, आपण दुकानात नाहीच. दुकानात त्या दोघीच आहेत.

ऑक्टोबरात काम झालं. फाइली तीन फ्लॉप्यांत बसल्या. सुमन ड्रायव्हरकडे द्यायला निघाली, तर शालिग्राम म्हणाला, "ड्रायव्हरकडे नको. फ्लॉपीला काही झालं तर? मीच जाऊन येतो धुळ्याला."

"तब्येत?"

"बरी आहे आता."

तिने त्याला डबा भरून दिला. फ्लॉप्या कडक पुठ्ठ्यात गुंडाळल्या, वर रुमाल बांधला, आणि उन्हात धरू नका म्हणून दोनदा सांगितलं. एरंडोल गेलं, पारोळा गेला. तो रुमाल मांडीवर धरून खिडकीपाशी बसला होता. धुळ्यात काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं, असं तो पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत राहिला. पण धुळ्याच्या अलीकडे, फागण्याच्या थांब्यावर चहा पिताना त्याच्या डोक्यात वाक्यं तयार होती, हे खरं.

नानांच्या कचेरीत एक कॉम्प्युटर होता. नानांनी पानं उघडून बघितली, दोन ठिकाणी हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "वहिनींनी कमाल केली."

"नाना," शालिग्राम म्हणाला, "एक सांगायचं होतं. माउस तिचा असतो, हे खरं. पण अक्का मुळात माझी. आजारपणात पडल्या पडल्या सुचली. मी सांगतो तसं ती ओढते. तेव्हा नाव… चित्रे आणि कल्पना, शालिग्राम, असं द्यावं."

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तसं आहे होय," ते म्हणाले. त्यांनी कागदावर नाव लिहून घेतलं. "बरं झालं तुम्ही स्वतः आलात. शेवटच्या पानावर जागा उरते आहे. अक्का वाचकांना फराळाला बोलावते आहे, एवढं एक चित्र काढून द्या. तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम. मी चहा सांगतो."

शालिग्राम कॉम्प्युटरपुढे बसला. कॉम्प्युटर चालवण्याइतकं त्याला बघून बघून येत होतं. गोल काढला. पाय जोडले. अंबाडा एका कानाकडे कलवला. नाकाची वाकडी रेघ त्याने सुमनच्या रेघेवर रेघ ठेवून काढली. सगळं जुळलं, आणि पडद्यावर एक मडकं उभं राहिलं. त्याने ते पुसलं. मग सुमनचीच एक अक्का उचलून तिचा हात फक्त पुढे केला. हात मोडल्यासारखा दिसायला लागला. डोळे जवळ आणले, लांब नेले. ज्याला जगातल्या कोणाही चित्रकाराचा हात उचलता येत होता, त्याला स्वतःच्या घरातला उचलता येत नव्हता. चहा आला, गार झाला. त्याच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा तास गेला.

नाना मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, अगदी हळू, "शालिग्रामभाऊ, ही बाई कोण?"

शालिग्रामने माउस सोडला.

नानांनी तो नाव लिहिलेला कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यावर पेन ठेवलं. "नाव काय छापू?"

त्यांनी ओरडायला हवं होतं, असं शालिग्रामला वाटलं. त्याने पेन उचललं, आपलं नाव खोडलं आणि खाली लिहिलं, 'सुमन चौधरी'. अक्षर वाकडं आलं.

"शेवटचं चित्र उद्याच्या बसने यायला सांगा त्यांना," नाना म्हणाले. "आणि अश्ववीराचं काय करायचं?"

"बंद करा," शालिग्राम म्हणाला.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. नाना बोलणारे नव्हते. पण रिकामा डबा हातात घेताना सुमनने विचारलं, "नानांना आवडलं का?" आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याला खोटं सुचेना. तो बोलत होता आणि ती डब्याचं झाकण उघडबंद करत होती.

"किती वेळ लागला?" तिने शेवटी विचारलं.

"कशाला?"

"माझं नाव सांगायला."

"सव्वा तास."

"म्हणजे सव्वा तास माझी मावशी तुमची होती," ती म्हणाली आणि डबा घासायला निघून गेली.

त्यानंतर पंधरा दिवस ती त्याच्याशी फक्त दुकानाचं बोलली. शाई संपली. पाटील येऊन गेले. कागद मागवा. फराळाचं चित्र घेऊन ती स्वतः धुळ्याला गेली, परत आली, आणि तिथे काय झालं ते त्याला सांगितलं नाही. पुरवणी निघाली. पेठेतल्या बायका दुकानात डोकावून 'अक्का' म्हणून तिला हाक मारायला लागल्या. शालिग्राम त्या बायकांना खुर्ची द्यायचा. दर वेळी ती हाक त्याला बोचायची. आपण कबूल केलं म्हणजे हे संपेल असं त्याला वाटलं होतं. ते संपलं नव्हतं.

डिसेंबरात मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून तो आईला घेऊन सावद्याला गेला. लग्नघरातल्या गर्दीला कंटाळून तो सकाळी केळीचे ट्रक भरतात तिकडे जाऊन उभा राहिला. खिशात पत्रिकेच्या मापांची वही आणि पेन्सिल होती. ट्रक भरणाऱ्यांत पितांबर नावाचा पन्नाशीचा एक हमाल होता. चाळीस वर्षं एकाच खांद्यावर केळीचे घड वाहून त्याचा डावा खांदा वीतभर खाली आला होता. आता घड नसला तरी तो तसाच कलून उभा राहायचा, आणि कोणी हाक मारली की मान न वळवता अख्खा वळायचा. शालिग्रामने वही ट्रकच्या फळीला टेकवली आणि काढायला लागला.

चित्र वाईट आलं. प्रमाण चुकलं, पेन्सिल फळीच्या भेगांवरून अडखळली. 'हे कोणासारखं काढू' असा विचार करायला गेला, तर मनात कोणीच येईना. पितांबरसारखा माणूस त्याने कोणाच्या चित्रात पाहिलाच नव्हता. त्याने दुसरं काढलं. तेही वाईट. दुपारपर्यंत त्याने बावीस वाईट चित्रं काढली. पितांबरने एकदा अख्खा वळून वहीत डोकावलं आणि म्हणाला, "मी इतका वाकडा दिसतो का हो, भाऊ?"

"दिसता," शालिग्राम म्हणाला.

"मग बरोबर आहे," पितांबर म्हणाला आणि पुढचा घड उचलायला गेला.

दर रविवारी शालिग्राम सावद्याला जायला लागला. फेब्रुवारीत एक दिवस दुकानात गिऱ्हाईक नसताना तो सुमनच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. "मला शिकव," तो म्हणाला.

"काय?"

"रेघ ओढायला. यावर."

सुमनने त्याच्याकडे नीट बघितलं, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. मग ती खुर्चीवरून उठली. "बसा. आणि माउस असा आवळू नका, तो पळून जात नाही." ती रागावूनच शिकवत होती. हा ठिपका धरा, तो नाही. इथं रेघ जाड करा. पुन्हा. त्याच्या हाताखाली रेघ जाड, जड यायची आणि सगळी चित्रं एका बाजूला झुकलेली निघायची: माणसं, ट्रक, विजेचे खांबसुद्धा. त्याने ती सरळ करायचा प्रयत्न केला, तर सुमन म्हणाली, "राहू द्या ना. झुकलेलंच बघावंसं वाटतं." तेवढं एक वाक्य तिने न रागावता म्हटलं.

एप्रिलात नानांनी शेवटच्या पानावर त्याच्या नव्या चित्रकथेचा पहिला भाग छापला. नाव होतं 'डावा खांदा'. एकच पत्र आलं, तेही तक्रारीचं: ट्रकचा नंबर चुकला आहे म्हणून. शालिग्रामने ते तीनदा वाचलं. लिहिणारा माणूस ट्रक ड्रायव्हर होता.

पाच-सहा भाग झाले. मे महिन्यातल्या एका सकाळी सुमन नवा अंक वाचत बसली होती. पितांबर भरलेल्या ट्रकच्या टपावर झोपून निघाला आहे आणि झोपेतही त्याचा खांदा घडाला टेकू देतो आहे, असा तो भाग होता. तिने तो वाचला. पान उलटलं. पुन्हा मागे आली. स्वतःच्या तानुअक्काकडे तिने त्या दिवशी पाहिलंच नाही.

"अहो," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "हा पितांबर मला द्याल का? एकाच भागासाठी. अक्का सावद्याला केळी घ्यायला येते आणि या दोघांचं जुंपतं."

"नाही," शालिग्राम म्हणाला.

"एकाच भागासाठी म्हणतेय."

"नाही म्हणतो ना. तो माझा आहे."

सुमनने अंक मिटला आणि कॉम्प्युटरकडे वळली. तिच्या ओठांची बारीक रेघ झाली होती, आणि कुठल्याशा पत्रिकेवरचं एकच अक्षर ती पुसून पुन्हा तेच टाइप करत होती. शालिग्राम ते बघत राहिला. तो चेहरा त्याने मागचं सगळं वर्ष आतून अनुभवला होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. त्याने तिच्यासाठी चहा सांगितला. पण पितांबर काही दिला नाही.